भंगारातला आवाज : ट्रॉम्बे, मुंबई आणि इलेक्ट्रिक गिटार

१/
आजचा धागा किल्ल्यांचा नाही आणि ताम्रपटांचाही नाही. आजची साधने आहेत लाकूड, तांब्याची बारीक तार, काचेचे व्हॉल्व्ह आणि कागदी पडद्याचे स्पीकर. मुंबईत इलेक्ट्रिक गिटार कशी आली, तिचा आवाज कोणत्या पेट्यांतून बाहेर पडला आणि त्या पेट्यांचे पुढे काय झाले, याचा हा इतिहास. मी कार्यक्रमांत गिटार वाजवून पोट भरणारा माणूस, मुक्काम ट्रॉम्बे. धागा मोठा आहे, सवडीने वाचा. 🧵

२/
आरंभ एका हुकलेल्या दिवसापासून. मानखुर्दजवळच्या मंडाळ्यातील भंगारबाजारात एक लाकडी अँप्लिफायर आला आहे, असा निरोप मला मिळाला. दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तोवर ट्रान्सफॉर्मर उपसून त्याचे तांबे वेगळे काढले गेले होते. उरली होती पेटी, व्हॉल्व्हच्या नऊ भोकांच्या रिकाम्या बैठका आणि आतल्या फळीवर पेन्सिलीने देवनागरीत लिहिलेली तीन नावे : ‘गिटार १’, ‘गिटार २’, ‘माईक’. कुठल्याही कंपनीचा शिक्का नाही. कोणीतरी ती हाताने बांधली होती.

३/
पेटी मी वजनाच्या भावाने विकत घेतली. ती वाजत नाही, कधी वाजणारही नाही. तरीही माझ्या संग्रहातली सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे. कारण त्या तीन शब्दांत एक अख्खा वाद्यवृंद दिसतो : दोन गिटारवादक, एक गायक आणि तिघांना मिळून एकच अँप्लिफायर. अशा पेट्या मुंबईत का बनल्या, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

४/
बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली अमेरिकेत विक्रीस आली. जॉर्ज बीचम यांची कल्पना, अॅडॉल्फ रिकनबॅकर यांचा कारखाना. गोल आकार आणि लांब दांडा यामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ असे टोपणनाव पडले. महत्त्वाची गोष्ट ही, की ती उभ्याने वाजवायची आजची गिटार नव्हतीच. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी दांडी सरकवून वाजवायची हवाईयन गिटार होती.

५/
भारतातही हाच क्रम राहिला. हवाईयन संगीताच्या फिरत्या मंडळ्यांमुळे हे वाद्य इथे परिचित झाले. त्यांतले ताऊ मो चाळीसच्या दशकात कोलकात्यात वास्तव्यास होते. आपल्या कानाला ते चटकन रुचले याचे कारण उघड आहे. पडद्यांच्या गिटारवर सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. दांडी सरकवली की मींड मिळते. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी याच वाटेने गिटार रागसंगीतात नेली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीसोबत तीच आहे.

६/
मुंबईच्या चित्रपटसृष्टीत विजेवरच्या गिटारचे नाव घ्यायचे तर व्हॅन शिपली यांच्यापासून. लखनऊचे हे वादक व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार दोन्ही वाजवीत. चित्रपटगीतांच्या नुसत्या धुनांच्या तबकड्या त्यांच्या नावाने निघाल्या आणि घराघरांत वाजल्या. त्यांच्या साथीला अनेकदा पुण्याचे अॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स असत. हजारा सिंग हे अशा धुनांचे दुसरे मोठे नाव. इलेक्ट्रिक गिटार भारतीय श्रोत्यांना प्रथम भेटली ती अशी, शब्दांविना गाणारी म्हणून.

७/
आता आमच्या बाजूला या. १९४८ साली राज कपूर यांनी चेंबूरला आर. के. स्टुडिओची स्थापना केली. पन्नासच्या दशकात जवळच ट्रॉम्बे-माहुलच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. १९५४ साली ट्रॉम्बेची अणुशक्ती संस्था सुरू झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. एकीकडे स्वप्नांचे कारखाने, दुसरीकडे यंत्रांचे. मध्ये कोळीवाडा आणि खाडी. हा आमचा शेजार.

८/
‘अप्सरे’चे इंधन ब्रिटनहून आले, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली इथेच बांधली गेली. याच परंपरेतून १९६७ साली हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. अणुभट्टी आणि गिटार यांचा थेट संबंध नाही. संबंध आहे तो काळाचा. आयात अवघड होती, म्हणून ‘आपणच बांधू’ हा त्या काळाचा स्वभाव बनला. प्रयोगशाळेत त्याला स्वावलंबन म्हणत, गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जुगाड.

९/
इथे थोडे तंत्र. इलेक्ट्रिक गिटार हे अर्धेच वाद्य आहे. तारांखाली ‘पिकअप’ असतो : चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की वेढ्यांत अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. त्याला मोठे करून स्पीकरपर्यंत नेणारा अँप्लिफायर हे उरलेले अर्धे वाद्य. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर त्याच्या ताकदीपलीकडे भार टाकला, की आवाज फाटतो. ध्वनिअभियंत्यांच्या लेखी तो दोष; गिटारवादकांनी त्याची भाषा केली.

१०/
हे अर्धे वाद्य मुंबईकरांना सापडले कुठे? घरातल्या रेडिओत. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी ‘पिकअप’ नावाचे खाचे असत. तबकडीऐवजी गिटारची वायर तिथे खुपसली की रेडिओ गाऊ लागे. अनेक रेडिओंच्या शेवटच्या टप्प्यात ‘ईएल-८४’ हा व्हॉल्व्ह असे. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या नामांकित ‘एसी-३०’ अँप्लिफायरमध्ये याच जातीचे चार व्हॉल्व्ह असतात. म्हणजे बीटल्सच्या आवाजाचा एक कण आपल्या दिवाणखान्यात आधीपासूनच बसलेला होता.

११/
पुढे हे व्हॉल्व्ह देशातच बनू लागले. १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर काढले. त्यांत ‘ईएल-८४’ होता आणि ‘ईसीसी-८३’ही. आज जगभरचे अँप्लिफायरवेडे हे जुने भारतीय व्हॉल्व्ह शोधत असतात. आपल्याकडे मात्र रेडिओ मोडीत निघाला, की व्हॉल्व्हही त्याच्याबरोबर मोडीत जातो.

१२/
मग परदेशी गिटारी का मागवल्या नाहीत? कारण त्या मागवताच येत नव्हत्या म्हटले तरी चालेल. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परवान्यांचे राज्य आणले आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरच्या परकीय चलनटंचाईने ते अधिक कडक केले. धान्य, यंत्रे, खनिज तेल यांपुढे गिटारला कोण विचारणार? फेंडरची टेलिकास्टर १९५१ ची, गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. आपल्या बहुतेक वादकांनी त्या आधी तबकड्यांच्या वेष्टनांवर पाहिल्या, हातात खूप नंतर घेतल्या.

१३/
ज्या थोड्या आल्या त्या माणसांच्या सामानातून आल्या. जहाजावरचे खलाशी, विमान कंपन्यांतले कर्मचारी, परदेशातून परतणारे नातेवाईक आणि गोव्याच्या वाटेवर पैसे संपल्याने वाद्य विकणारे हिप्पी. बाकीच्यांसाठी कोलकात्याचे गिव्हसन होते, धोबीतलावचे १८६५ पासूनचे फुर्तादो होते आणि हाताने गिटार घडवणारे कारागीर होते. चित्र पाहून सुतार लाकूड कापी, पिकअप रेडिओ मेकॅनिक गुंडाळी. मापे अंदाजाची, म्हणून प्रत्येक गिटार वेगळी.

१४/
अँप्लिफायरचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळत. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा, पेटी प्लायवूडची, स्पीकर सिनेमागृहातून किंवा जुन्या रेडिओग्रामातून काढलेला. तेही न परवडणारे लग्नमंडपातल्या लाउडस्पीकरवाल्याच्या अँप्लिफायरवर माईकच्या जागी गिटार जोडत. भाषणासाठी बनवलेल्या त्या यंत्रातून गिटार अरुंद, नाकात बोलल्यासारखी ऐकू येई. साठ-सत्तरच्या दशकातल्या आपल्या कित्येक वाद्यवृंदांचा ‘खास’ आवाज हा निवडलेला नव्हता, तो टंचाईतून घडलेला होता.

१५/
तरीही काय बहर होता! ‘गुमनाम’ (१९६५) या चित्रपटातले मुखवट्यांचे नृत्यगीत आठवा. पडद्यावर इलेक्ट्रिक गिटारी घेऊन दिसतात ते मुंबईचे टेड लायन्स आणि त्यांचे साथीदार. सिमला नावाच्या सिगरेटच्या जाहिरातीसाठी देशभरच्या तरुण वाद्यवृंदांची ‘सिमला बीट’ स्पर्धा भरे. तिच्यातल्या निवडक वाद्यवृंदांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. आज त्या परदेशी संग्राहकांत दुर्मीळ मानल्या जातात. तबकड्या टिकल्या, त्या आवाजामागची यंत्रे बहुतांशी नाहीशी झाली.

१६/
चित्रपटसंगीताने हा आवाज घराघरांत नेला. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या ‘दम मारो दम’ची सुरुवातीची गिटार वाजवली भूपिंदर सिंग यांनी, तेच गझलगायक भूपिंदर. राहुल देव बर्मन यांच्या वादकवृंदात गिटार ही आता सजावट राहिली नव्हती, तिच्यावर गाणे उभे राहत होते. लक्षात घ्या : हे सारे परवान्यांच्या काळात घडले. टंचाईने वादकांची अडवणूक केली, पण त्यांचे कान मात्र अधिक तल्लख केले.

१७/
१९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. भारतीय वादकांना घेऊन त्यांनी इथे दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या क्लबात स्थानिक वादकांसोबत वाजवले. जगातल्या सर्वांत मोठ्या मंचांना सरावलेले हात त्या रात्री क्लबातल्या वाद्यांवर चालले. आवाज हातात असतो की यंत्रात, या गिटारवाल्यांच्या सनातन वादात मी नेहमी हा दाखला देतो.

१८/
मराठी रंगभूमीही मागे नव्हती. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांतून घडलेले गायक. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते ज्यूडास होते. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांनी रंगमंचावर आणला. त्यात नंदू भेंडे अंकुश झाले. लावणी, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य चाल एकाच प्रयोगात! ‘रॉक म्हणजे इंग्रजी पोरांचा छंद’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर.

१९/
आणि आमच्या ट्रॉम्बे-चेंबूरच्या रस्त्यावरचे खरे विजेचे तंतुवाद्य कोणते, तर बेंजो. अमेरिकन बँजोशी त्याचा संबंध नावापुरता. १९१२ च्या सुमारास जपानच्या नागोयात मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ केला. तोच आपल्याकडे बुलबुलतरंग झाला. मुंबईच्या पोरांनी त्याला पिकअप लावला, कर्ण्याला जोडला आणि गोविंदा, गणपती, हळद यांत मिरवला. रवी जाधव यांचा २०१६ चा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांवर आहे.

२०/
मी पहिला विजेचा सूर ऐकला तो बेंजोचाच, कोळीवाड्यातल्या एका हळदीत. गिटारची मासिके चाळणारे संग्राहक बेंजोला मोजत नाहीत. पण तत्त्व तेच, तार तीच, चुंबक तोच आणि फाटणारा आवाजही तोच. मुंबईच्या श्रमिक वस्त्यांनी इलेक्ट्रिक वाद्याचा जो स्वतंत्र संसार उभारला, तो इतिहासातून वगळला तर उरलेला इतिहास फक्त कुलाबा-वांद्र्याचा ठरेल.

२१/
१९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला. रॉक मशीन (पुढे इंडस क्रीड) या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे महेश तिनईकर यांच्यासारख्या वादकांकडे पाहून एक पिढी गिटार शिकली. १९८८ मध्ये त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम आला. नंतर शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातला हा आवाज थांबला. अँप्लिफायर शिल्लक राहिले तरी ते वाजवायला जागा लागते, हेही या इतिहासाचे एक कलम आहे.

२२/
मग दारे उघडली. १९९१ पूर्वी सीमाशुल्काचा सर्वोच्च दर ३०० टक्क्यांच्या वर होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने १५० टक्क्यांची मर्यादा घातली आणि १९९५ पर्यंत ती ५० टक्क्यांवर आली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंधही गेले. दुकानांत परदेशी गिटारी टांगल्या गेल्या. आम्हा वादकांना हे वरदानच होते, त्यात शंका नाही. पण त्याच वर्षांत हाताने बांधलेल्या पेट्या माळ्यावर गेल्या आणि माळ्यावरून भंगारात.

२३/
संग्रह हा शब्द आपल्याकडे तेव्हापासून रुजला आणि तो बाजाराची भाषा घेऊनच आला. १९५९ ची लेस पॉल आज कोटींच्या घरात जाते. जून २०१९ मध्ये डेव्हिड गिल्मोर यांनी आपल्या १२० हून अधिक गिटारी लिलावात काढल्या. एकट्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले आणि लिलावाची रक्कम त्यांनी पर्यावरणाच्या कामाला दिली. जन्मभर वाजवलेले वाद्य सोडून देणे, हाही संग्राहकाच्या धर्माचा भाग असू शकतो.

२४/
माझ्याकडे चार गिटारी आणि तीन अँप्लिफायर आहेत. अधिकाला घरात जागाही नाही. ट्रॉम्बेची हवा खाडीची : तारा गंजतात, पावसाळ्यात गिटारीची मान वाकते, जुने कपॅसिटर झिरपतात. अमेरिकन अँप्लिफायर १२० व्होल्टचा; २३० व्होल्टच्या आपल्या खाचेत थेट लावला तर क्षणात राख. म्हणून प्रत्येक वस्तूमागे उस्तवार असते. वस्तू विकत घेणे सोपे, तिला वाजती ठेवणे म्हणजे संग्रह, असे मी मानू लागलो आहे.

२५/
यातली एक परदेशी गिटार गेले वर्षभर माझ्या घरी नाही. चित्ता कॅम्पमधला एक विद्यार्थी ती घेऊन गेला आहे. चित्ता कॅम्प म्हणजे १९७६ मध्ये जनता कॉलनी हटवल्यावर विस्थापितांनी वसवलेली वस्ती. तिथल्या मुलाच्या हातात ती माझ्या कपाटातल्यापेक्षा अधिक वाजते. तिच्यावर ओरखडे पडले आहेत, बाजारभाव उतरला असेल. पण अशा गिटारी जगात हजारो आहेत. एकुलती एक आहे ती मंडाळ्यात मिळालेली मुकी पेटी. ती मात्र मी कोणाला देणार नाही.

२६/
संग्रहाचा माझा नियम आता उलटा झाला आहे. ज्याचे मोल बाजाराला ठाऊक आहे, ते बाजार जपेल. ज्यावर कंपनीचे नाव नाही, ज्याचा कर्ता अज्ञात आहे, ज्याला किलोचा भाव आहे, ते आपण जपायचे. आपण इतिहासाचे विद्यार्थी शिलालेखाची झिजलेली ओळ वाचण्यासाठी उन्हात उभे राहतो. प्लायवूडवर पेन्सिलीने लिहिलेला ‘गिटार २’ हाही एक लेखच आहे. तो लिहिणारा हात कदाचित अजून हयात असेल. मग शोध आजच घ्यायला हवा.

२७/
म्हणून एक काम. घरात, मंडळाच्या खोलीत, माळ्यावर जुना अँप्लिफायर, घरी केलेली गिटार किंवा विजेचा बेंजो असेल तर तीन गोष्टी करा. आतून-बाहेरून छायाचित्रे घ्या. कोणी, कधी, कुठे वाजवला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. आणि स्वतः उघडून दुरुस्तीला लागू नका : व्हॉल्व्हच्या यंत्रातले कपॅसिटर वायर काढल्यावरही जिवावर बेतेल इतका विद्युतभार धरून असतात. जाणत्या मेकॅनिकलाच बोलवा.

२८/
छायाचित्रे या धाग्याखाली जरूर टाका. प्रत्येकाचे नीट वाचून उत्तर देईन आणि त्यांतून पुढचा धागा उभा राहील. आणि मंडाळ्यात, कुर्ल्यात, चोरबाजारात लाकडी पेटी दिसली, आत रिकाम्या बैठका आणि फळीवर कोणाचे तरी अक्षर दिसले, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. मी एका दिवसाने चुकलो. धागा समाप्त. 🙏